नीलाबाईंच्या चुलीचा हिस्सा

हवेतली धूळ कुठून येते हे शोधणं ही माझी नोकरी. चंद्रपुरात पाच छपरांवर आमची यंत्रं आहेत. यंत्र हवा ओढतं, आतल्या पांढऱ्या कागदावर धूळ बसते आणि प्रयोगशाळेत कळतं की चुलीचा धूर किती, रस्त्याची माती किती, कोळशाची राख किती. कागद खोटं बोलत नाही, असं मी लोकांना छाती पुढे काढून सांगत असे.

चौथं यंत्र नीलाबाईंच्या स्लॅबवर होतं. त्यांचे यजमान लहानूभाऊ दम्याने बेजार. हा दम लागतो कशाने, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं, म्हणून त्यांनी जागा दिली.

तीन महिन्यांनी निकाल आले. चार छपरांवर राख आणि माती, इथे मात्र जवळजवळ नुसता लाकडाचा धूर. मला गप्प बसवेना. तुमच्या चुलीचाच धूर निघतोय, असं मी नीलाबाईंना सांगून मोकळा झालो.

पुढच्या खेपेला नेहमीच्या बुधवारऐवजी मंगळवारीच गेलो. चूल विझलेली. लहानूभाऊंना त्यांनी चामोर्शीला मुलीकडे पाठवलं होतं आणि स्वतः भिजवलेले पोहे खाऊन राहत होत्या.

"चाळीस वर्षं मीच त्याईले धूर पाजला, अश्विनभाऊ," त्या म्हणाल्या.

कागद बदलायला मी जिना चढलो. वर पाहतो तर यंत्राच्या हवा ओढणाऱ्या टोपीवर दुहेरी केलेली जुनी साडी, सुतळीने गच्च बांधलेली. वरची घडी काळीकुट्ट.

या वस्तीत काहीच उघडं ठेवत नाहीत. माठ, धान्य, टीव्ही, सगळ्यावर फडकं. परक्याची महागाची मशीन आपल्या घरी काळी पडू नये म्हणून नीलाबाई तिला झाकत होत्या आणि मी यायच्या दिवशी साडी काढून ठेवत होत्या. जाड राख साडीत अडकत होती आणि बारीक धूर तेवढा आत जात होता. संताप आला, पण कोणावर काढणार? यंत्र काय करतं हे मी त्यांना कधी धड सांगितलंच नव्हतं.

मी त्यांना पुन्हा चूल पेटवायला लावली, साडी सोडली आणि महिनाभर कागद नव्याने घेतले. या वेळी कागद काळे निघाले. सूक्ष्मदर्शकाखाली राखेचे वाटोळे कण दिसले, मोठ्या भट्ट्यांत कोळसा जळला की होतात तसे. कुठल्या भट्टीचे, ते कणांवरून कळत नाही.

मी नीलाबाईंकडे गेलो. तुमचा काहीच दोष नाही, असं म्हणायचं फार मनात होतं. पण एकदा चुकीचं सांगून झालं होतं.

"बाई, चुलीचा पाव हिस्सा आहे. बाकी सगळा बाहेरचा."

त्यांनी बराच वेळ पदराने हात पुसले.

"पाव माहा, तो मले कबूल हाय. बाकीचे ज्याईचे हायेत, त्याईच्या घरी जाऊन सांगतलं का तुमी? मले सांगतलं तसं?"

अहवाल वर पाठवलाय, एवढंच म्हणालो. मग लहानूभाऊंना कधी आणणार, ते विचारलं.

"मी एका दिवसात चूल इझवली होती," नीलाबाई म्हणाल्या. "त्याईनं त्याईची इझवली का मंग आणीन."