पाठीवरची दहावी 'ब'

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. नकाशाने आपलं तोंड दाखवावं अशी रीत आहे, पण माझी गोष्ट माझ्या पाठीवर आहे. ती सांगताना मला फार लाज वाटते. तरी सांगतो, कारण तुम्ही अजून शाळेत आहात.

माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यात झाला. जाड कागदावर छापून मला मांजरपाटाच्या कापडावर चिकटवलं, वर आणि खाली लाकडी दांड्या ठोकल्या आणि पनवेलच्या एका शाळेत धाडून दिलं. तेव्हा माझ्या कपाळावर 'कुलाबा जिल्हा' असं छापलेलं होतं. पुढे जिल्ह्याचं नाव बदललं, तेव्हा कोणीतरी कागदाची पट्टी चिकटवून वर 'रायगड' असं लिहिलं. भूगोलाच्या तासाला मला टांगलं की मुलं धावत येऊन पनवेलवर बोट ठेवायची. इतकी बोटं पडली की पनवेलचा ठिपका पुसूनच गेला. मला त्याचा केवढा तोरा! कोन, सुकापूर, विचुंबे इथली मुलं मात्र आपलं गाव शोधत राहायची.

"बाई, आमचा गाव याच्यात नाय," असं एखादा म्हणायचा आणि वर्ग हसायचा. मीही मनातल्या मनात हसायचो. गावच एवढंसं, त्याला मी काय करणार, असं मला वाटायचं.

मग चकचकीत प्लॅस्टिकचा नवा नकाशा आला. मला गुंडाळून कपाटामागे कोंबलं गेलं. पाली, खडूची धूळ आणि कोळ्यांची जाळी यांच्या सोबतीत मी पडून राहिलो. २००७ साली दहावी 'ब'चा वर्ग त्या खोलीत भरू लागला. कपाटाशेजारच्या शेवटच्या बाकावर निशा नावाची मुलगी बसायची. तिच्या वडिलांनी विचुंब्याला नव्या इमारतीत खोली घेतली, म्हणून ती नववीत या शाळेत आली होती. एकदा तिचं पेन कपाटामागे पडलं आणि तिला मी सापडलो. तिने रुमालाने मला पुसलं, मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात बाकावर पसरलं आणि पेनाने एक ठिपका काढून शेजारी 'विचुंबे' लिहिलं. माझ्या अंगावर शाई! मी क्षणभर संतापलो. पण मग तिने चष्मा नाकावर ओढल्यासारखं केलं आणि वर्गशिक्षिका कुमुद बाईंच्या हुबेहूब आवाजात मलाच दम भरला.

"उभा राहा, नकाशा. किनारपट्टी आणलीस? की घरी विसरलास? कळलं का? नाही कळलं. बरं."

मित्रांनो, मी इतका हसलो की माझा कागद कुरकुरला. वर्गातल्या कोणालाही ठाऊक नव्हतं, पण निशा सगळ्या शिक्षकांच्या नकला करायची. फक्त माझ्यासमोर.

जानेवारीत निरोप समारंभाची तयारी सुरू झाली. त्या शाळेत दहावीच्या प्रत्येक मुलाला शेलापागोटं मिळायचं, म्हणजे त्याची खोड काढणारी एखादी ओळ सगळ्यांसमोर वाचली जायची. मुलं वरवर चिडायची आणि आतून खूश व्हायची. त्या वर्षी कुमुद बाई म्हणाल्या, "नुसत्या ओळी नकोत. प्रितमने सगळ्यांची चित्रं काढायची. एकाच कापडावर आख्खा वर्ग."

प्रितम कोनहून यायचा. त्याचा हात चांगला होता, पण एवढं कापड कुठून आणायचं? तेव्हा शेवटच्या बाकावरून निशा हळूच म्हणाली, "इथे एक नकाशा आहे. त्याची मागची बाजू कोरी आहे."

खिडकीच्या गजापासून कपाटापर्यंत दोरी बांधून मला कोपऱ्यात, पाठ वर्गाकडे करून, आडवं टांगलं. वर्षानुवर्षं गुंडाळलेला मी, सोडला की पुन्हा गुंडाळला जायचो. कोणीतरी खालची दांडी धरून ठेवायला हवी होती. निशा कोपऱ्यात, माझ्या आणि भिंतीच्या मध्ये, जमिनीवर बसली आणि तिने दांडी धरली. पलीकडे प्रितम रंग घेऊन उभा राहिला. तो मागे वळून एकेक बाक बघायचा आणि माझ्या पाठीवर उतरवायचा.

पहिल्या बाकावर किशोरी होती. आई बाजारात मासळी विकायची आणि तिचा आवाज लेकीने पुरेपूर घेतला होता. प्रितमने किशोरीचं उघडं तोंड काढलं आणि तिच्या आवाजाने शेजारच्या वर्गाची भिंत पडताना दाखवली. खाली लिहिलं, 'हिने उत्तर दिलं की 'अ' तुकडीसुद्धा पास होते.' मनस्वी स्वतःच्या अश्रूंत पोहत होती, कारण तिचा एक मार्क कापला गेला होता. प्रितेश बाकावर डोकं ठेवून घोरत होता आणि शाळेची घंटा त्याच्या कानाला बांधलेली होती. दीपेशचं पोट आणि बाकाखाली उघडलेला डबा एवढंच दिसत होतं. आपला डबा तो दुसऱ्या तासालाच संपवायचा आणि मधल्या सुट्टीत दुसऱ्यांच्या डब्यांकडे पाहुणा म्हणून जायचा.

"ए प्रितम, पोट कमी कर ना!" दीपेश ओरडला.

"कमी केला तं तुला कोन वलखंल?" प्रितम म्हणाला. स्वतःला त्याने नुसते दोन मोठे कान काढले, कारण शिक्षक सर्वांत जास्त त्याचेच कान पिळायचे.

ऐकून ऐकून निशा दांडीवर डोकं टेकवून हसत होती. मग माझ्याकडे बघत पुटपुटली, "माझं नाक काढेल बघ. नाही तर वेण्या. काय काढेल रे?" ती फार आनंदात होती.

समारंभाच्या दिवशी मला सभागृहात टांगलं. पाठ लोकांकडे आणि तोंड भिंतीकडे, शिक्षा झालेल्या मुलासारखं. मला दिसत काहीच नव्हतं, पण हशा ऐकू येत होता. मुलं एकमेकांना ढकलत होती, आपापल्या चित्रावर बोट ठेवून ओरडत होती. मग एक ओळखीचं बोट माझ्या पाठीवरून फिरू लागलं. ते एका ओळीच्या टोकापर्यंत गेलं, खालच्या ओळीवर आलं, शेवटच्या चित्रापर्यंत पोचलं. मग पुन्हा पहिल्यापासून निघालं, आणखी सावकाश.

"निशा, तुझं कुठंय गं?" कुमुद बाईंनी कौतुकाने विचारलं.

"शोधतेय, बाई."

हशा थांबला. प्रितमचा आवाज एकदम पडला. "बाई... राहिली. मी बाक बगून काढत गेलो. ही बाकावर नवती. ही मागं दांडी धरून बसली व्हती."

मित्रांनो, दोघांच्या मध्ये मीच होतो. ज्या मुलीने मला धूळ झटकून बाहेर काढलं, ती माझ्याच आड दिसेनाशी झाली. त्या क्षणी मला भिंतीत गडप व्हावंसं वाटलं.

"मग आता काढ की," दीपेश म्हणाला. "खाली कोपरा मोकळा हाय."

प्रितमने ब्रश भिजवला आणि तो तसाच थांबला. "काय काढू? सांगा ना कोनीतरी. हिचं काय असतं?"

"शांत असते," मनस्वी शेवटी म्हणाली.

"शांत कसं काढू?"

"अभ्यासू आहे," मागून कोणीतरी म्हणालं.

"निशा म्हणजे..." कुमुद बाईंनी सुरुवात केली, "चांगली मुलगी आहे." "दोन वर्षं शिकवलं मी हिला," असं त्या स्वतःशीच म्हणाल्या.

तेव्हा निशा म्हणाली, "बाई, चांगली नको ना. मलापण हसा की जरा."

कोणालाही हसता आलं नाही. आवाज काढ, निशा, बाईंचा आवाज काढ, असं मी जीव तोडून ओरडत होतो, पण कागदाला कुठला आवाज? आणि एवढ्या लोकांसमोर तिलाही फुटला नाही. प्रितमने दोन वेण्या घातलेली एक नीटनेटकी, हसरी मुलगी काढली. खाली काही लिहिलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाकी प्रत्येक चित्राला हशा मिळाला होता, टाळ्या फक्त त्या एकाला. "छान आलंय," असं म्हणून निशाने दप्तर उचललं. खाऊसाठी ती थांबली नाही.

दहा वर्षांनी दहावी 'ब'चं स्नेहसंमेलन झालं. मला माळ्यावरून काढून त्याच सभागृहात पसरलं. दीपेशचं पोट चित्रापेक्षा मोठं झालं होतं आणि किशोरीचा आवाज जरासुद्धा कमी झाला नव्हता. ते सगळे पोट धरधरून हसले. मग दीपेशने खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"अरे, ही कोण?"

"नववीतली असेल. मदतीला आलेली," किशोरी म्हणाली.

"निशा," प्रितम म्हणाला. "आपल्याच वर्गातली. हा कापड हिनंच दिलेला."

"कोण निशा? काय करायची ती?"

प्रितमने चित्राखालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "मला तेवा पन नवतं माहीत," तो म्हणाला. मग सगळे फोटोसाठी उभे राहिले, पण मी सवयीप्रमाणे गुंडाळला जाऊ लागलो. प्रितम माझ्यामागे जाऊन जमिनीवर बसला आणि त्याने खालची दांडी धरली. पुढून त्याला किती हाका मारल्या, पण तो उठला नाही. त्या फोटोत तो नाही.

मित्रांनो, मला जपा, मला कसर लागू देऊ नका, असं मी सांगू शकलो असतो. पण माझ्या कागदाचं आता काय राहिलं आहे? उद्या शाळेत गेलात की शेवटच्या बाकाकडे वळून बघा. तिथे बसणारीची एक तरी खोड ठाऊक करून घ्या आणि सगळ्यांसमोर तिला चिडवा. ती रागावेल, तुमच्या पाठीत धपाटा घालेल. घालू द्या.