भिंतीपाशी न लावलेल्या वीस पाचरी

दिनांक १२ मे २०२४, रविवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. मानवतच्या आमच्या घरी, मागच्या खोलीत, मी सतरंजीवर दहा हत्यारे ओळीने मांडली: मापपट्टी, गुण्या, पाणसळ, पेन्सिल, कटर, हातकरवत, जिगसॉ, रबरी हातोडा, पट्टीच्या कडेला लावून ठोकायचा ठोकळा आणि शेवटची पट्टी भिंतीकडून आवळायची लोखंडी ओढपट्टी. अकरावे होते प्लास्टिकच्या वीस पाचरींचे पाकीट. हा संच आमच्या मुलीने, उत्तराने, पुण्याहून, फरशीवर बसवायच्या लॅमिनेटच्या खरबरीत पट्ट्यांसोबत पाठवला होता.

कारण साधे होते. फेब्रुवारीत माझी पत्नी प्रमोदिनी याच खोलीतल्या गुळगुळीत फरशीवर घसरली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर ती वॉकर धरून चालू लागली, पण या खोलीत पाय ठेवायला धजत नव्हती. पलंगापासून दारापर्यंत बारा पावले आहेत. ती बाराही तिने आधाराशिवाय टाकली की घर पुन्हा तिचे, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

शेजारचा सूर्यभान सुतार चहाला आला आणि पाकीट हातात घेऊन म्हणाला, "काका, करंगळीएवढी जागा सोडा भिंतीपाशी. ह्या पाचरी त्याच्यासाठीच हायेत. पट्टी फुगती लय. वरून स्कर्टिंग येतंय, फट कोणाला दिसायलीय?"

मी त्याला तंत्रनिकेतनातल्या कार्यशाळेची गोष्ट ऐकवली. जोडात कागद शिरला, की आमचे निदेशक तो जॉब, म्हणजे आम्ही घासून आणलेला लोखंडी तुकडा, खिडकीबाहेर फेकीत.

"ते लोखंडाचे मास्तर हो," सूर्यभान हसला. "ह्यो तर दाबलेला भुसा हाय."

प्रमोदिनीनेही दारातून त्या पाचरींबद्दल विचारले. नवशिक्यांसाठी असतात, असे मी सांगितले. संध्याकाळपर्यंत पट्ट्या भिंतीला भिडल्या. पोस्टकार्डसुद्धा शिरले नसते. मला फार समाधान वाटले.

दुसऱ्या दिवसापासून प्रमोदिनी त्या खोलीत चालू लागली. सहाव्या दिवशी तिने वॉकर सोडून नऊ पावले टाकली. दुपारी पारा त्रेचाळीसवर गेला, म्हणून तिला गारवा मिळावा यासाठी मीच खिडकीतला कूलर दिवसरात्र चालू ठेवला. ओली हवा पट्ट्यांनी शोषली. फुगायला भिंतीपाशी जागा नव्हती, म्हणून त्या खोलीच्या मधोमध उचलल्या गेल्या. एकविसाव्या दिवशी, दहाव्या पावलाला, तिच्या पायाखालची जमीन खाली दबली आणि पुन्हा वर आली. ती पडली नाही. मी धरले. पण तिने माझा दंड ज्या ताकदीने पकडला, त्याचे वळ चार दिवस राहिले.

सूर्यभानने सगळ्या पट्ट्या काढून, कडा कापून, वीसही पाचरी लावून पुन्हा बसवल्या.

आता पाणसळीचा बुडबुडा कुठेही ठेवला तरी मध्यावर थांबतो. मी तो प्रमोदिनीला रोज दाखवतो. ती बघते, मान डोलावते आणि पलंगावरूनच म्हणते, "दिसतंय हो मला. पण हात द्या."

आज दिनांक ३० जून. एकूण पावले बारा; आधाराशिवाय टाकलेली, शून्य.