फुंकरमामाचे हात

“तुमचा हा मामा एकतीस वर्षं क्लॅरिनेट वाजवतोय, की नुसता त्याचा गळा आवळतोय?”

दारात उभ्या असलेल्या बाईंनी ओळखपाळख काही न देता पहिला प्रश्न टाकला तो हा. त्यांच्या एका हातात वाद्याची पेटी होती आणि काखेत कागदाची गुंडाळी. ती गुंडाळी बोरूकाकांनी लगेच ओळखली. कालच त्यांनी ती शहराच्या वाद्यवृंदाकडे पाठवली होती.

बोरूकाका म्हणजे एकतीस वर्षं साप्ताहिकात चित्रकथा काढणारे, आणि लिहिणारेही तेच. उंच, किडकिडीत, नाकाच्या शेंड्याला कायम शाई. त्यामुळे शाळेत चिकटलेलं ‘बोरू’ हे नाव केस पिकले तरी सुटलं नव्हतं. त्यांचा नायक फुंकरमामा हा एक ढेरपोट्या पोस्टमन. तो दारावरची घंटा वाजवायचा नाही, क्लॅरिनेट वाजवायचा. ते ऐकून चोर चोरीचा माल परत आणून द्यायचे आणि भांडकुदळ शेजारणी एकमेकींच्या गळ्यात पडायच्या.

काकांना संगीताचं भारी वेड. देवानं कान दिला होता, पण गळा द्यायचा राहून गेला. ते गुणगुणायला लागले की काकू खिडक्या लावून घ्यायच्या. शाळेतल्या बँडमास्तरांनी तर तिसऱ्याच दिवशी हात जोडले होते. मग स्वतःला जे जमलं नाही ते काकांनी मामाकडून वाजवून घेतलं. सकाळी तबकडी लावायची आणि ती संपेपर्यंत ब्रश खाली ठेवायचा नाही, ही त्यांची शिस्त. दर रविवारी वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाला सातव्या रांगेत हजेरी. त्याच वाद्यवृंदानं आपल्या पन्नाशीच्या कार्यक्रमाची जाहिरात त्यांना काढायला सांगितली होती, फुंकरमामासकट. तेव्हापासून काकांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

“काय चुकलं बाई?” काकांनी विचारलं.

“हात! उजवा वर आणि डावा खाली. जगात कोणी असं धरत नाही हो. मी वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवते आणि आठवडाभर पोरांना शिकवते. दरवर्षी चार-दोन पोरं येतात ती असंच धरून येतात. का रे बाबा, म्हटलं की म्हणतात, फुंकरमामा असंच धरतो. त्यांचे हात सुलटे करण्यात माझा महिना जातो!”

काकांना एकदम आधार सापडला. “पण बाई, मामा डावखुरा आहे. ते बघा, डावखुऱ्यांच्या संघटनेनं मानपत्र दिलंय मला.”

“मीपण डावखुरी आहे,” बाई म्हणाल्या. “क्लॅरिनेटला त्याचं काही सोयरसुतक नसतं.”

“अहो, पण मी पुस्तकात वाचून काढलंय! डावा वर, उजवा खाली. दर वेळी स्वतः धरून बघतो आणि मगच काढतो.” काकांनी टेबलावरची लांब पट्टी उचलली आणि ओठांना लावून दाखवली.

बाईंनी चष्मा सरळ केला. “हे तर बरोबर आहे. मग कागदावर जाताना काय होतं?”

“काही नाही. असं धरायचं, आरशात बघायचं, आणि दिसेल तसं…”

काका थांबले. चित्रकथा काढणाऱ्याच्या टेबलावर आरसा असतोच. चित्रात कोणाला हसवायचं तर आधी स्वतः दात काढायचे, कोणाला चिडलेलं दाखवायचं तर स्वतः भुवया चढवायच्या, आणि आरशात दिसेल ते कागदावर उतरवायचं. पट्टी तशीच ओठांना लावून काकांनी आरशात पाहिलं. आरशातल्या माणसाचा उजवा हात वर होता.

चहा घेऊन आलेल्या काकूंनी एकदा आरसा पाहिला, एकदा पट्टी पाहिली, एकदा चित्र पाहिलं आणि ट्रे ठेवून मटकन खाली बसल्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“अहो, म्हणजे तो डावखुरा नव्हताच मुळी! आणि कोटाची बटणं? तीही उलट्या बाजूला! माझ्या बाई! मामा एकतीस वर्षं बायकांचा कोट घालून टपाल वाटतोय!”

“आता ऐका तुमचा मामा,” असं म्हणत बाईंनी पेटीतून क्लॅरिनेट काढून जोडलं आणि चित्रातल्यासारखे हात उलटे धरले. करंगळी कुठे पोचेना, वाद्य पेलायला मागे असलेला अंगठ्याचा आकडा भलत्याच ठिकाणी आला. मग जो आवाज निघाला त्यानं खिडकीतली कबुतरं उडाली. काकू पुन्हा हसायला लागल्या.

काका मात्र हसले नाहीत. त्यांना एक जुनं पान आठवलं. इस्पितळाच्या खिडकीत एक आजारी मुलगी, आणि खाली उभा राहून तिच्यासाठी वाजवणारा मामा. ते पान वाचून लोकांनी रडत पत्रं लिहिली होती. काढताना काका स्वतःही रडले होते. त्या खिडकीखाली मामा हे असलं काहीतरी वाजवत होता तर! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी वाद्य खाली घेतलं. “एवढं मनाला लावून घेऊ नका. जाहिरातीत हात तेवढे बदला. कोणाला कळणार पण नाही.”

संपादकांनीही फोनवर तेच सांगितलं. “काका, साप्ताहिकातल्या मामाला हात लावू नका. एकतीस वर्षांत कोणी बोललं का? नाही ना? मग झालं तर!”

पण काकांना चैन पडेना. जाहिरातीत एक आणि साप्ताहिकात दुसरं, ही लबाडी झाली. रविवारी कोणत्या तोंडानं सातव्या रांगेत बसायचं? आणि खरं सांगावं तर ज्याला वाद्य धरायचं कळत नाही त्याचं चित्र वाद्यवृंद दारात कशाला लावेल? आयुष्यात एकदा संगीतवाल्यांनी त्यांना आपलं म्हटलं होतं, तेही हातचं जाणार. दोन दिवस घरात तबकडी लागली नाही.

तिसऱ्या दिवशी काकांनी वाद्यवृंदाच्या समितीला सगळं कबूल करणारं पत्र लिहिलं. आरशाचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि काकूंना समोर पट्टी धरून बसवलं.

“हात दुखायला लागले हो,” काकू तासाभरानं म्हणाल्या. मग जरा वेळानं, “इतकी वर्षं मला का नाही बसवलंत?”

काकांनी मान खाली घालून रेघ पुढे नेली.

जाहिरातीचं चित्र नव्यानं झालं, ते पत्रासोबत गेलं. साप्ताहिकासाठी चार पानं झाली. त्यांत फुंकरमामा एका शिकवणीला जातो. तिथल्या बाईंचा चष्मा ओळखीचा वाटावा असा. मामा टोपी काढून म्हणतो, “बाई, माझं पहिल्यापासून चुकलंय. शिकवाल?” बाई त्याला सहा-सात वर्षांच्या पोरांच्या बाकावर बसवतात. बाक वाकतो. मामा फुंकतो आणि पोरं कानांत बोटं घालतात. चार पानांत एकाही चोरानं माल परत आणून दिला नाही.

संपादकांनी कपाळाला हात लावला, पण छापलं. दोनशे बारा पत्रं आली. त्यातल्या दोनशे नऊ जणांचं म्हणणं एकच, की या वेळी मामाचे हात चुकलेत. एका आजीबाईंनी लिहिलं, चांगल्या वाजवणाऱ्या माणसाला त्या चष्मेवालीनं बिघडवलं. डावखुऱ्यांच्या संघटनेनं मानपत्र परत मागवलं.

समितीचं उत्तर मात्र येईना. काका दिवसातून चार वेळा टपालपेटी उघडून बघायचे. शुक्रवारी पाकीट आलं. आत तीन ओळी होत्या: ‘पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. चित्र छापून तयार आहे. पहिल्या रांगेत तुमच्या दोन जागा ठेवल्या आहेत.’ काकांनी ते पत्र काकूंच्या हातात दिलं आणि तोंड धुवायला म्हणून आत गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत.

रविवारी पन्नाशीच्या कार्यक्रमाला सभागृहाच्या दारात माणसाएवढा फुंकरमामा लावला होता. काकांचे कान लाल झाले आणि ते त्याच्याकडे न बघताच आत गेले. कार्यक्रमाच्या उत्तरार्धात बाकीची वाद्यं हळूहळू थांबली आणि बाई एकट्याच वाजवायला उभ्या राहिल्या. संथ, लांबलचक सुरावट होती ती. सभागृहात कोणी खोकतसुद्धा नव्हतं.

काकूंनी सहज बाजूला पाहिलं. काकांनी हातातल्या कार्यक्रमपत्रिकेची घट्ट गुंडाळी केली होती आणि ती छातीशी धरली होती. डावा हात वर, उजवा खाली, सगळा भार उजव्या अंगठ्यावर. बाईंच्या मागोमाग त्यांची बोटं हलत होती, जराशी उशिरा, बरीचशी चुकत.

एरवी काकूंनी कोपरानं ढोसलं असतं. आज त्यांनी काकांच्या मांडीवरची छत्री हळूच उचलून आपल्याकडे घेतली, त्यांच्या हातांना अडचण नको म्हणून.