हाताचं सुकाणू

"हे मधलं हँडल काढता येईल ना?"

दातांचे डॉक्टर विमानात कमरेपर्यंत शिरून विचारत होते. बाहेर नुसती पँट आणि चकचकीत बूट दिसत होते.

"दात आहे का तो, दिसला की उपटायला?" मी म्हणाले.

माझ्या धाकट्या भावाने डोळे वटारले. गिऱ्हाईक त्यानेच शोधून आणलं होतं. डॉक्टर मात्र आतल्या आत हसले आणि डोकं आपटून घेत बाहेर आले. माणूस वाईट नव्हता. पंखावरून हात फिरवताना त्यांचे डोळे लहान मुलासारखे झाले होते. जुन्या विमानांचं त्यांना खरंच वेड होतं, उडवण्याचा परवानाही होता. वाईट नसलेल्या माणसाशी भांडणं फार अवघड जातं.

विमान माझं आहे. म्हणजे बाबांनी उभं केलेलं आणि माझ्या नावावर केलेलं. एक इंजिन, शेजारी शेजारी दोन खुर्च्या, लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. वयाने माझ्याहून मोठं. बाबा याच धावपट्टीवर मेकॅनिक होते. वादळात उलटलेलं हे विमान इथल्या फ्लाइंग क्लबने भंगारात काढलं, तेव्हा त्यांनी ते मागून घेतलं. माझा डावा पाय लहानपणीच्या तापात गेला तो गेलाच. आहे, पण नुसता शोभेला. आणि विमानाच्या शेपटीचं सुकाणू वळवायचं तर दोन पायांनी दोन पायडल दाबावी लागतात. लोक म्हणाले, पोरीला शेजारी बसवून एक चक्कर मारून आणा. बाबा म्हणाले, "ती काय पार्सल आहे?"

त्यांनी पायडल काढून टाकली आणि दोन खुर्च्यांच्या मध्ये हे हँडल बसवलं. पुढे ढकललं की विमान उजवीकडे, मागे ओढलं की डावीकडे. टोकाला मोपेडची मूठ. ती पिळली की इंजिन जोर धरतं. विमान खात्याच्या साहेबलोकांनी वजनं टांगून, ओढून, ताणून बघितलं आणि अखेर परवानगी दिली, तोवर बाबांचे केस पांढरे झाले होते. तेव्हापासून हे विमान मी उडवलं. दुसऱ्या कोणी नाही.

माझा धंदा सोफे शिवायचा. भाऊ लाकडाचे सांगाडे करतो, मी त्यांना कपडे घालते. पंखांचं कापडही मीच चढवते. जाड कापड ओढून ओढून आणि हँडल ढकलून ढकलून उजवा खांदा झिजला. परवान्याच्या तपासणीत तिथले सरकारी डॉक्टर म्हणाले, हात डोक्यावर न्या. हात कानापर्यंत गेला आणि तिथेच ठाण मांडून बसला. त्यांनी अपात्र असं लिहिलं आणि माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्याले नाही. चहावर राग काढण्यात काही अर्थ नव्हता, पण काढला.

भावाचं म्हणणं खोटं नव्हतं. "ताई, न उडणारं विमान सडतं. इंजिनाला आतून गंज चढेल, कापडात उंदीर बिळं करतील. यांच्याकडे निदान उडेल तरी. जुनी पायडल पोत्यात ग्रीस लावून ठेवलेलीच आहेत. एका दिवसाचं काम आहे."

"मला ते मूळ रूपात हवंय," डॉक्टर नम्रपणे म्हणाले. "कारखान्यातून निघालं तसं."

"आणि मी इतकी वर्षं उडवलं ते कोणाचं रूप?"

"तसं नाही हो..."

"तसंच आहे. मी कुठे मूळ रूपात आहे? म्हणून काय मलाही पोत्यात घालता?"

भावाने कपाळाला हात लावला. पण मी बोलत सुटले होते. म्हटलं, हँडल काढलं की इथे एक लंगडी बाई विमान उडवायची ही थाप वाटेल लोकांना. मला ते चालणार नाही. "आधी आहे तसं उडवून दाखवा. मग काढायचं का ते बोलू."

डॉक्टरांना ही किरकोळ अट वाटली. ते लगेच डावीकडच्या खुर्चीत बसले. माझ्या खुर्चीत. मी उजवीकडे चढले. आयुष्यात पहिल्यांदा त्या बाजूने चढले आणि पाय कुठे ठेवायचा तेच कळेना.

त्या दिवशी फक्त जमिनीवर चालवायचं ठरलं होतं. विमान गवतावरून नागमोडी निघालं. डॉक्टर हँडल पुढे ढकलायचे, आणि त्यांचे पाय रिकाम्या फळीवर पायडल शोधत नाचायचे. पाय सांगायचे एक, हात करायचे भलतंच.

"मूठ सोडा," मी ओरडले. "सोडा म्हणते ना, कुंपण आलं."

सोडली. कुंपणाच्या अलीकडे आम्ही थांबलो. ते घामाघूम होऊन उतरले, म्हणाले, "नाही जमायचं मला," आणि गाडीत बसून निघून गेले.

"झालं समाधान?" भाऊ म्हणाला. नंतर दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

समाधान कसलं डोंबलाचं? तो गेल्यावर मी पोतं उघडलं. पायडल छान होती, कुठेही गंज नाही. मला रडू आलं, रागाचं. बाबांनी ती फेकली का नव्हती? त्यांना माझी खात्री वाटत नव्हती म्हणून? की माझ्यानंतरही विमानाने उडावं म्हणून? विचारायला ते नव्हते. विमान जगवायचं तर ही बसवायची, आणि ही बसवली तर माझं काय उरलं? एवढा सरळ हिशेब होता आणि मला तो मान्य नव्हता. मी पोतं पुन्हा बांधून टाकलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर आपणहून आले. बूट बदललेले होते.

"पाय ऐकत नाहीत हो," ते म्हणाले.

"माझा कधीच ऐकत नाही. पण निदान गप्प बसतो. तुमचे विचारल्याशिवाय बोलतात."

सोफ्याच्या तळाला लावतात तो पट्टा मी आणला, एका झटक्यात सुटेल असं बक्कल लावलं आणि त्यांचे घोटे एकत्र बांधून टाकले. एवढा मोठा माणूस, पण निमूटपणे बांधून घेतलं. भाऊ शेडच्या दारातून बघत होता. तोंड फिरवून हसला की चिडला, कोण जाणे.

मग ते येतच राहिले. दवाखान्यात दोन पेशंटांच्या मधल्या वेळात खुर्चीशेजारी झाडू उभा धरून सराव करतात, असं त्यांच्या बायकोने फोनवर मला सांगितलं. "तुम्ही काय केलंत यांना?" असंही विचारलं. विमान हळूहळू सरळ चालायला लागलं. क्लबच्या शिक्षकाने शेजारी बसून दोन-तीनदा त्यांना वर नेऊन आणलं. तो म्हणाला, आता एकटे उडवू शकतील.

त्याच सुमारास सुकाणूची तार एका जागी उसवलेली दिसली. मी ती बदलली, तपासनीसाने पाहून सही केली. या धावपट्टीवर एक रीत आहे. ज्याने दुरुस्ती केली, त्याने पहिल्या उड्डाणात शेजारी बसायचं. आपण आवळलेल्या नटावर आपलाही जीव टांगायचा. बाबा कधी चुकले नाहीत.

"तू नको बसूस," भाऊ म्हणाला. "मी बसतो."

"तार तू बदललीस?"

 मला चढताना आधार द्यायला तो पुढे आला, आणि मी तो घेतला.

डॉक्टरांनी पाय बांधून घेतले. आम्ही निघालो. शेपटी उचलली, चाकांचा खडखडाट थांबला. ते हँडल बरोबर धरत होते. माझ्याइतकं हलकं नाही, पण बरोबर. वर गेल्यावर म्हणाले, "खरं सांगू? पायडल असती तर जास्त सोपं गेलं असतं."

"गेलं असतं," मी म्हणाले.

"पण तुम्ही बसवणार नाही."

"नाही. आणि विकणारही नाही. तुम्ही उडवा, मी दुरुस्त करीन. पटत असेल तर या, नाहीतर पट्टा सोडून देते."

त्यांनी क्षणभर खाली पसरलेल्या छपरांकडे बघितलं. "पट्टा जरा सैल करा पुढच्या वेळी," ते म्हणाले. "मुंग्या येतात."

उतरताना वारा आडवा आला. नाक डावीकडे सरकलं, आणि त्यांचा हात एवढासा उशिरा हलला. एवढासाच. हँडल माझ्या डाव्या हातापासून वीतभर अंतरावर होतं, आणि तो हात धडधाकट होता. मी मधे झडप घातली असती तर दोघांचे हात एकमेकांशी भांडले असते आणि जमीन खाली वाट बघत होती. मी डावा हात मांडीखाली घातला आणि अख्ख्या वजनाने त्याच्यावर बसून राहिले. तो आत वळवळत होता. त्यांनी हँडल ढकललं, नाक सरळ झालं, चाकं टेकली, एकदा उडाली, पुन्हा टेकली.

शेडसमोर येऊन इंजिन बंद झालं. पंखा फिरायचा थांबला. डॉक्टरांनी पट्टा सोडला, टुणकन खाली उडी मारली आणि वळसा घालून माझ्या बाजूला आले. भाऊही धावत आला.

"ताई, हात दे. उतर."

"थांबा," मी म्हणाले. "हात बधिर झालाय. रक्त येऊ दे त्यात."

दोघेही पंखाखाली उभे राहिले. मी हात बाहेर काढून मांडीवर ठेवला. तळव्यावर खुर्चीच्या कापडाची वीण उमटली होती, माझ्याच हाताने शिवलेली. बोटं हलेपर्यंत मी त्या उजव्या खुर्चीत ताठ बसून राहिले, आणि त्यांना थांबायला लावलं.