रद्द झालेल्या मतदारसंघाचा नकाशा

मी एक जुना नकाशा आहे. मित्रांनो, ज्या मतदारसंघासाठी मला काढले, तो केव्हाच रद्द झाला. त्याचे नाव आज कुठल्याच सरकारी कागदावर सापडणार नाही.

माझा जन्म झाला तेव्हा शहर नुकतेच वेशीबाहेर पसरू लागले होते. वीटभट्ट्या, दोन कारखाने, कामगारांच्या चाळी आणि मध्ये उरलेली थोडी शेते, असे ते उपनगर होते. या लोकांचा म्हणून एक प्रतिनिधी संसदेत जावा असे ठरले. मग एका म्हाताऱ्या आरेखकाला हद्द आखायचे काम मिळाले. तो कचेरीत बसून रेघा ओढणारा नव्हता. चार दिवस त्याने पायपीट केली. ओढ्याच्या काठाने चालताना तो एकदा चिखलात गुडघ्यापर्यंत रुतला. पण ओढ्याचे एकही वळण त्याने सोडले नाही. मग कापडावर चिकटवलेल्या जाड कागदावर त्याने मला काढले. ओढा निळा, हद्द लाल. घर न् घर टिपून झाल्यावर तो म्हणाला, "आता कुणी म्हणायला नको, आम्ही कुठले म्हणून!"

निवडणूक कचेरीच्या भिंतीवर माझा मोठा थाट होता. पहिल्या निवडणुकीत एक शाळामास्तर निवडून आले. ते माझ्यासमोर उभे राहून प्रत्येक गल्लीवर बोट ठेवत आणि तिथे नळ आला का, ते विचारत. त्यांच्यानंतर कारखान्यातली एक कामगार बाई निवडून आली. पुढे एक सोडावॉटरवाले शेठ आले. त्यांनी मतदारसंघ पाहिला तो बहुधा माझ्यावरच. प्रत्यक्षात तिकडे ते फिरकले नाहीत. लोकांनी पुढच्या खेपेला त्यांना घरी बसवले. तीस वर्षे मी हे सगळे पाहिले.

मग वस्ती वाढली. मतदारसंघ फार मोठा झाला म्हणून तो रद्द करायचे ठरले. ओढ्याच्या उत्तरेचा भाग एका नव्या मतदारसंघात गेला, दक्षिणेचा दुसऱ्यात. माझी कचेरी उत्तरेकडच्यांना मिळाली. नवे सामान आले. त्यात एक भलेमोठे लोखंडी कपाट होते. हमालांनी ते ढकलत आणले आणि थेट माझ्यावर टेकवले.

"अरे, मागचा नकाशा तरी काढा," शिपाईकाका म्हणाले.

"राहू द्या हो, आता त्याचं काय लोणचं घालायचंय?" हमाल म्हणाला.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी अडकलो. छातीवर थंड लोखंड, पाठीला ओली भिंत. श्वास घ्यायलाही जागा नाही, असे वाटे. माणसे चार हातांवर बोलत, हसत, चहा पीत, पण मला कुणी दिसत नसे. खालच्या बाजूने कसर लागली. रोज थोडे थोडे माझे अंग कुरतडले जात होते. दक्षिणेच्या चाळी गेल्या, मग वीटभट्ट्या गेल्या. किडे ओढ्याच्या दिशेने सरकत होते.

दरम्यान बाहेर ओढा बुजवला गेला. त्यावर घरे झाली. तो कुठून वाहत होता, हे लोक विसरून गेले.

अशात एका सोमवारी कचेरीत एका म्हातारीचा आवाज आला. ती सुईण होती. बारा घरांच्या एका गल्लीत राहत होती.

"आमच्या गल्लीतल्या एकाचंही नाव नव्या मतदार यादीत नाही," ती म्हणाली.

"मावशी, तुमची गल्ली ओढ्याच्या दक्षिणेला येते. पलीकडच्या कचेरीत जा," कारकूनबाई म्हणाल्या.

"तिथूनच आले. ते म्हणतात उत्तरेला येते, इकडे जा. मी जिवंत आहे, घर जाग्यावर आहे, मग माझं मत कुठं हरवलं?"

मी जिवाच्या आकांताने म्हणत होतो, 'उत्तरेला! गल्ली उत्तरेलाच आहे! ओढा तिच्या दक्षिणेकडून वळसा घेतो!' पण नकाशाला तोंड कुठे असते? सुईण गेली. बुधवारी पुन्हा आली, पुन्हा परत गेली. शुक्रवारी संध्याकाळी यादी बंद होणार होती. त्या दिवशी सकाळीच येऊन तिने बाकावर बैठक मारली.

"या वस्तीतली निम्मी पोरं या हातांनी जगात आणली. बाळंतपणात थांबायची सवय आहे मला. माझ्या सांगण्यावर विश्वास नाही, तर ओढा कुठं होता ते तुम्ही कागदावर दाखवा, मग उठते."

साहेब बाहेर आले. चिडले. पण ओढा कुठे होता, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. तेवढ्यात शिपाईकाका हळूच म्हणाले, "साहेब, या कपाटामागं एक नकाशा होता."

फायली उपसल्या गेल्या. कपाट कुरकुरत सरकले. माझ्या डोळ्यांवर उजेड आला आणि त्याच क्षणी माझा एक कोपरा टरकन फाटला. सगळे माझ्यावर वाकले. कसर ओढ्याला लागली होती, पण ते वळण शाबूत होते. बोटभर वर ती बारा घरे.

"हे बघा माझं दार," सुईण म्हणाली. तिने त्यावर बोट टेकवले.

यादी बंद व्हायच्या आत बाराही घरांची नावे चढली. मला वाटले, माझी सुटका झाली. आता पुन्हा भिंत मिळेल.

पण साहेबांनी माझ्यावर क्रमांक घातला, 'पुरावा' असा शिक्का मारला, घडी करून पाकिटात घातले आणि लाखेने बंद केले. मग त्याच लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावले. पूर्वी मी त्याच्या मागे होतो, आता आत आहे.

मतदानानंतर सुईण आली होती. "तो नकाशा जरा बघू द्या. नातवंडांना आणलंय," ती म्हणाली.

"मावशी, पुरावा आहे तो. उघडता येत नाही," कारकूनबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात ओशाळलेपणा होता.

मित्रांनो, आम्हा जुन्या कागदांना जपा. पण जपणे म्हणजे कोंडणे नव्हे. आम्हाला कसरीपासून वाचवा आणि माणसांना दिसू द्या.

सुईण लगेच गेली नाही. मुलांना घेऊन ती कपाटापाशी आली. पत्र्यावर तिच्या बोटाचा आवाज मला आतून ऐकू येत होता. सावकाश, आठवून आठवून ती सांगत होती, "हा असा वळायचा ओढा... आणि इथं आपण."