मऊ पितळ

फोन वाजला तेव्हा शशिधर करड्यांच्या उजव्या हातात पेटलेली ब्लोटॉर्च होती. नंबर हॉस्पिटलचा दिसला म्हणून त्यांनी डाव्या हाताने फोन कानाला लावला. टॉर्च खाली ठेवायची राहिली.

"मिस्टर करडे? तुम्ही बसलेले आहात का?" नर्सने विचारलं.

चव्वेचाळीस वर्षं एका नर्सशी संसार केलेल्या माणसाला या प्रश्नाचा अर्थ सांगावा लागत नाही. शशिधर उभेच राहिले. प्रमोदिनी दहा वाजून वीस मिनिटांनी गेली होती. झोपेतच गेली, असं ती मुलगी म्हणाली. येतो, थँक यू, असं काहीतरी त्यांनी उत्तर दिलं. मग त्यांना तापलेल्या धातूचा वास आला. समोर ऑर्केस्ट्रातल्या एमलिनच्या ट्रॉम्बोनची बेल होती, म्हणजे वाद्याचा पुढचा, फुलासारखा उघडलेला भाग. तिच्या कडेची सुटलेली तार कथिलाने पुन्हा जोडायची, एवढंच काम होतं. त्याला नुसती ऊब पुरते. पण ज्योत तिथेच धरलेली राहिली होती आणि पितळ वीतभर लाल झालं होतं.

त्यांनी टॉर्च बंद केली, कोट घातला आणि बस पकडली.

तीन आठवड्यांनी, सगळे विधी उरकून वरदा, त्यांची मुलगी, नॉटिंगहॅमला परत गेली, तेव्हा ते वर्कशॉपमध्ये आले. बर्मिंगहॅममधल्या एका जुन्या कारखान्याचा मागचा गाळा. प्रमोदिनीला इथे नोकरी लागली आणि तिच्या मागून ते आले. आधी पितळी नळ्यांच्या फॅक्टरीत होते. ती बंद पडल्यावर एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली वाद्यदुरुस्ती शिकले. शहरातल्या ऑर्केस्ट्राची पितळी वाद्यं गेली एकतीस वर्षं त्यांच्याच हाताखालून जात होती.

बेलवरचा काळा-जांभळा डाग त्यांनी पुसला, तार बसवली, पॉलिश केलं. दिसायला झकास झाली. नखाने टिचकी मारून बघायची त्यांची जन्माची सवय. त्या दिवशी त्यांनी टिचकी मारली नाही.

ती बेल एमलिनची नव्हती, खुर्चीची होती. बास ट्रॉम्बोनच्या खुर्चीवर जो बसेल त्याने ती वाजवायची आणि रिटायर होताना पुढच्याच्या हातात द्यायची. सगळ्या ऑर्केस्ट्रांनी रुंद, दणकट अमेरिकन वाद्यं घेतली, तेव्हा यांनीही घेतली. नळ्या बदलल्या, मागेपुढे सरकणारी स्लाइड बदलली. पण बेल तीच राहिली, नव्वद वर्षांची, पातळ. तिच्यावर चार जणांची नोकरी झाली होती. त्या आवाजाला उजेड कमी आणि वजन जास्त. बाकीच्या वाद्यांच्या खाली तो घराच्या जोत्यासारखा बसायचा. कंडक्टर आले आणि गेले, पण त्या आवाजाला हात लावायला कुणी सांगितलं नाही.

वाद्य परत नेताना एक रीत होती. एमलिन वर्कशॉपमध्ये उभा राहून सगळ्यात खालचा सूर लांबवायचा आणि शशिधर बाहेर जिन्यात जाऊन ऐकायचे, कारण वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज पुढून ऐकू येत नाही. जिन्यातून "ठीक" म्हटलं की मगच वाद्य पेटीत जायचं.

त्या वेळी एमलिन आला तो टोपी हातात घेऊन. बायकोने केलेले वेल्श केक त्याने बाकावर ठेवले. पेटी उघडलीसुद्धा नाही.

"वाजवून बघ की," शशिधर म्हणाले.

"आज नको, शशी. दुखवट्याच्या घरात कसला भोंगा वाजवायचा? तुझं काम मी तपासायचं म्हणजे पोपला प्रार्थना म्हणून दाखव सांगण्यासारखं."

शशिधरनी आग्रह केला नाही.

उन्हाळा गेला. वरदा रोज संध्याकाळी साडेसहाला फोन करायची, इंग्लंडात वाढलेल्या मुलीच्या मोडक्या मराठीत.

"बाबा, जेवण केली का?"

"केलं."

"काय केला?"

"खिचडी."

"परत? Honestly, बाबा, you can't live on खिचडी." मग थोडं थांबून ती म्हणायची, "At least त्या दिवशी तुम्ही तिच्याकडेच निघाला होता. I keep thinking about that."

शशिधर यावर "हं" म्हणायचे. आदल्या संध्याकाळी प्रमोदिनी त्यांचा हात धरून म्हणाली होती, "अहो, उद्या सकाळी जरा लवकर या." आणि सकाळी ते आधी वर्कशॉपला गेले होते. तासाभराचं काम आहे, उरकून जाऊ, असं म्हणून. पोरीने विचारलं तेव्हा वाटेत होतो म्हणाले. एकदा म्हटल्यावर ते तसंच राहिलं.

सप्टेंबरात एमलिन न कळवता आला. पेटी बाकावर ठेवून स्टुलावर बसला.

"शेवटचं तेलपाणी करून दे. खुर्ची सोडतोय."

"सोडतोय म्हणजे? तुला अजून चार वर्षं आहेत."

"ओठ गेले, शशी. मार्चपासून. खालचा सूर लागतो, पण उभा राहत नाही. सुटला की चिखलात पाय पडावा तसा पसरतो. मांडीला मांडी लावून बसणारा मला म्हणतो, मोठ्याने वाजव. आता याला काय सांगू? मोठ्यानेच वाजवतोय." तो हसला. "डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, साठीनंतर स्नायू असेच. चाळीस वर्षांची नोकरी, कुणी सोड म्हणायच्या आत सोडायला निघालोय. काल पत्र दिलं. सोमवारी कमिटीपुढे येईल."

शशिधरनी पेटी उघडली. बेल बाहेर काढली आणि या वेळी नखाने टिचकी मारली. जुन्या बेलचा आवाज टणकन उठून बराच वेळ हवेत राहायचा. आता ठप्प झाला, पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. कडेपासून वीतभर ठप्प, पुढे गळ्याकडे पूर्वीसारखा. टॉर्च जेवढी फिरली होती तेवढाच भाग.

धातूने आवाजात फरक पडत नाही असं सांगणारे प्रोफेसर आहेत. शशिधरनी त्यांच्याशी कधी वाद घातला नव्हता. त्यांचं नाव पुढे करून आताही गप्प बसता आलं असतं. एमलिन हसून निघून गेला असता आणि कुणालाच काही कळलं नसतं.

"मार्चपासून नाही," ते म्हणाले. "फेब्रुवारीपासून. ती गेली त्या दिवशी ही बेल माझ्या हातात होती. फोन आला आणि मी ज्योत बाजूला केली नाही. लाल झाली. पितळ लाल झालं की मऊ पडतं. मी पॉलिश करून तुला दिली."

एमलिनने बेलकडे बघितलं.

"तुला माहीत होतं?"

"लाल झाली हे माहीत होतं. पुढचं मी बघितलं नाही. बघायचं टाळलं."

"म्हणजे माझे ओठ ठीक आहेत?"

"बेल मऊ आहे, एवढं खात्रीने सांगतो. तुझ्या ओठांचं मला माहीत नाही."

एमलिन उठला. गाळा दहा पावलांचा. तो दाराशी गेला आणि परत आला.

"सहा महिने, शशी. सहा महिने मी रोज सकाळी आरशासमोर उभा राहून स्वतःचं तोंड बघतोय. बायकोला सांगितलं, आता मी काही उपयोगाचा नाही. एक फोन केला असतास."

"हो."

"एक फोन."

शशिधरना पुढे बोलायचं होतं. फोनवर एमलिनला सांगितलं असतं तर वरदालाही सांगावं लागलं असतं की मी तेव्हा हॉस्पिटलात का नव्हतो. पण ते कारण एमलिनच्या सहा महिन्यांपुढे ठेवण्यासारखं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "पत्र परत घे."

"आणि काय लिहू? बेल शिजली होती, मी नव्हे? खुर्चीसाठी तिघं पोरं दारात उभी आहेत." त्याने टोपी घातली. "ही दुरुस्त होते का?"

"लगेच नाही. ठोकून परत कडक करता येते. वेळ लागेल. आणि खुणा दिसतील."

"मग कर."

"तुझ्यासाठी करतो."

"खुर्चीसाठी कर. मी असेन नाहीतर दुसरा कोणी असेल." दारातून तो म्हणाला, "प्रमोदिनीचं वाईट वाटतं, ते तसंच आहे. हे वेगळं." जिन्यावरून तो खाली उतरल्याचं ऐकू आलं.

शशिधरचे वडील पुण्याचे तांबट. तांब्याचं भांडं घडवताना ते तावून मऊ करत आणि शेवटी हातोडीने मठारत. मठारल्याशिवाय भांड्याला ताठपणा येत नाही. शशिधरना तो धंदा नको होता. दिवसभर ठकठक, कान बधिर, हातावर गाठी. म्हणूनच ते आधी लेथवर गेले, मग विलायतेत आले. बारा वर्षांचे होईपर्यंत मात्र रोज शाळा सुटल्यावर वडिलांसमोर बसून त्यांनी घंगाळी मठारली होती. मनगट कुठे सोडायचं ते हात विसरला नव्हता.

त्यांनी बेल पोलादी साच्यावर चढवली. छोटी, गुळगुळीत तोंडाची हातोडी घेतली. गळ्याच्या बाजूने सुरुवात केली, एका ठोक्याशेजारी दुसरा, अंतर न सोडता. पितळ तांब्यासारखं माफ करत नाही. जोर जास्त झाला की चिरतं. सत्तरीच्या खांद्याला एका वेळी वीस मिनिटं झेपत होती. मग थांबायचं, चहा प्यायचा, पुन्हा बसायचं. आठवड्यात चार बोटं रुंदीचा पट्टा झाला. त्यावर माशाच्या खवल्यांसारख्या खुणा उठल्या. टिचकीला तेवढ्या भागातून आवाज यायला लागला, पूर्वीचा नव्हे, पण आवाज.

सोमवार येऊन गेला. एमलिनचा फोन आला नाही. शशिधरनीही केला नाही.

संध्याकाळी साडेसहाला वरदाचा फोन यायचा तेव्हा ते हातोडी खाली ठेवायचे.

"बाबा, मागे आवाज कसली होती? तुम्ही अजून वर्कशॉपमध्ये?"

"एक काम राहिलंय."

"Whose?"

"ऑर्केस्ट्राचं."

"ओके. Don't overdo it. जेवण करा."

"करतो."

बेलच्या कडेचा भाग सगळ्यात पातळ. तो अजून ठोकलेला नाही, मऊच आहे. आणि त्या सकाळी आपण कुठे होतो हे त्यांनी वरदाला अजून सांगितलेलं नाही.