पुतळाबाईचा कडा

केसरीनाथनं बायकोला नावानं हाक मारलेली वळ गावात कुणी ऐकली नव्हती. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, नातवंडं शाळेत जायला लागली, तरी त्याचं आपलं "अगं" आणि "ऐकलं का" यावरच भागत होतं. पुतळाबाईही "अवो" म्हणायची. त्यावाचून संसार कुठं अडला नाही. अडला तो गोदामाच्या पत्र्यापाशी.

घरामागची भाताची जमीन केसरीनाथनं विकली. गावात बहुतेकांनी विकली होती, त्यात नवल नव्हतं. तिच्यावर गोदाम उभं राहिलं ते थेट त्याच्या गच्चीच्या डोक्यावर गेलं, आणि पूर्वेला लांबवर दिसणारा गिधाडकडा निळ्या पत्र्यामागे गडप झाला. गिधाडं तिथून केव्हाच गेली होती, नाव तेवढं राहिलं होतं. त्या कड्याच्या पायथ्याला उंबरपाडा, पुतळाबाईचं माहेर. लग्न होऊन ती वळ गावी आली, त्या पहिल्या संध्याकाळी रडत बसली होती. सासूनं तिचा हात धरून तिला मागच्या दारी नेलं आणि म्हणाली, "यो बघ तुजा कडा. माहेर हितूनच दिसतंय, रडतंस कला?" तेव्हापासून रोज संध्याकाळी वाळलेले कपडे काढताना पुतळाबाई त्या बाजूला तोंड करून घटकाभर उभी राहायची. घराला गच्ची आली तेव्हा ती गच्चीवर उभी राहायला लागली. पत्रा आला आणि तिनं गच्चीवर जाणंच सोडलं. कपडे सून काढायला लागली.

ती भांडली असती तर केसरीनाथला बरं वाटलं असतं. ती एकदाच बोलली, भाकरी वाढता वाढता.

"जमीन तुमची व्हती, तुमी इकली. कडा माजा व्हता. तो कंच्या कागदात लिवला व्हता?"

ग्रामसभेत भल्याभल्यांना गप्प करणारा केसरीनाथ खाली मान घालून घास मोडत राहिला. त्या दिवशी त्याला भाकरी गोड लागली नाही, आणि नंतरही कितीतरी दिवस लागली नाही.

त्याचा पुतण्या मितेश हळदी-लग्नांचे फोटो काढायचा. त्यानं नेटवरून गिधाडकड्याचा फोटो शोधला आणि काचेत मढवून आणला. पुतळाबाईनं चष्मा लावून पाहिला. "यो माजा कडा न्हाय."

"काकी, खाली नाव लिहिलंय की!"

"नाव लिवल्यानं काय हुतं? यो हिरवागार हाय. आसंल कुनाचा तरी."

मितेशनं दुसरा दाखवला, त्यात कडा अर्धा ढगात होता. तोही तिनं परत केला. तेव्हा केसरीनाथ बोलून गेला, "मी काढून आनतो." घरात सगळे हसले. साठी उलटलेली, पोट पुढं, आणि गुडघे असे की उकिडवं बसला तर उठवायला दोघं लागत. पुतळाबाई तेवढी हसली नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग माघार घ्यायची सोयच उरली नाही.

मितेशनं आपला जुना कॅमेरा दिला. "काका, फक्त हे बटण दाबायचं. आणि सकाळचा उजेड धरा. ऊन वर चढलं की फोटोत दम राहत नाही, एवढं ध्यानात ठेवा."

केसरीनाथ उजाडायच्या आत उंबरपाड्याला पोचला. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, गळ्यात जाड सोन्याची साखळी. डोंगर चढायला निघालाय की साखरपुड्याला, हे बघणाऱ्याला कळलं नसतं. मेहुणा लडकू वाट दाखवायला तयारच होता. पण चुलीपाशी लडकूची बायको गुणाबाई होती, आणि तिनं रात्रीच कोंबडा टोपलीखाली डालून ठेवला होता.

"दाजी, जेवल्याबिगर पाय उचलायचा न्हाय."

"अगं बाय, उजेड जातो माजा!"

"उजेड उद्याबी येल. जावई उपाशी डोंगर चढला तर गाव आमच्या तोंडावर थुकंल."

आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात, पण सासुरवाडीत विठोबाचा नंबर येतच नाही. कोंबडा कापला, वाटण वाटलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. केसरीनाथ ओटीवर बसून दातओठ खात सूर्याकडे बघत होता. वाढून झालं तेव्हा ऊन अंगणात उतरलं होतं. नको नको म्हणताना गुणाबाईनं आणखी एक भाकरी टाकली. ताटावरून उठला तेव्हा सकाळ हातची गेली होती, आणि सदऱ्याची खालची दोन बटणंही सोडावी लागली होती.

कड्यासमोर डोंगराची एक सोंड होती. कडा अख्खा दिसतो तो तिथूनच, असं लडकू म्हणाला. वाट कारवीच्या झुडपांतून होती. कारवी संपली आणि सुट्या मुरुमाचा घसारा लागला, एक पाऊल वर टाकलं की माणूस दोन पावलं खाली यायचा. केसरीनाथच्या छातीचा भाता झाला. पँट गुडघ्यावर फाटली. एका ठिकाणी तर तो चक्क बसून, ढुंगणावर सरकत पुढं गेला. खाली खोल दरी होती. लडकूनं त्याला कॉलरला धरलं होतं.

"दाजी, साखळी तरी मना द्या. पडलात तर निदान ती वाचंल!"

"पडलो तर तुज्या बायकोनं मारलं म्हनून सांग!"

दुपारी ते सोंडेच्या टोकाला पोचले. समोर कडा उभा होता, आणि केसरीनाथचा चेहरा पडला. सगळा कडा राखेसारखा करडा, निर्जीव. त्यानं फोटो काढला, पडद्यावर पाहिला आणि मान हलवली. पुतळाबाईचं तोंड त्याला डोळ्यांसमोर दिसलं. "यो माजा कडा न्हाय."

"चला," लडकू म्हणाला. "उतराय वेळ लागंल."

"न्हाय जमत. पायांत गोळे आलेत. थांब जरा."

तो दगडाला टेकला आणि पोटातल्या कोंबड्यानं त्याला झोपवलं. लडकूनं हलवून जागं केलं तेव्हा ऊन पाठीवर येत होतं. केसरीनाथनं डोळे चोळले आणि तो तसाच बसून राहिला.

कडा पेटला होता. मावळतीकडे कललेलं ऊन सरळ त्याच्या छातीवर पडलं होतं, आणि मघाचा तो करडा दगड तांबूस, पिवळा, हळद लागलेल्या नवरीसारखा झाला होता. एकेक चीर, एकेक कपार उजळली होती. तेव्हा केसरीनाथच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सकाळी सूर्य कड्यामागून वर येतो. सकाळी आला असता तर काळाकुट्ट कडा घेऊन घरी गेला असता! पुतळाबाईनं वळ गावातून कडा पाहिला तो रोज संध्याकाळी, कपडे काढायच्या वेळेला. तिचा कडा हा असा होता. आणि हे ना मितेशला कळलं होतं, ना त्याला. चाळीस वर्षं ती शेजारी उभी होती, पण त्यानं एकदाही तिच्या बाजूला उभं राहून पाहिलं नव्हतं. त्याला मनापासून लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला.

त्यानं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग उठून उभा राहिला, फाटक्या पँटीनिशी, आणि आयुष्यात पहिल्यांदा घसा ताणून ओरडला, "पुतळेऽऽऽ!"

कड्यानं तिचं नाव जसंच्या तसं परत दिलं. केसरीनाथ लहान पोरासारखा हसला आणि पुन्हा ओरडला. लडकू पोट धरून खाली बसला. "दाजी, पार येडं झालात!" म्हणाला, आणि मग तोही बहिणीच्या नावानं ओरडायला लागला.

दुसऱ्या दिवशी केसरीनाथ भिवंडीत फ्लेक्सवाल्याकडे गेला. दुकानदारानं फोटो पाहिला. "सेठ, बर्थडे किसका है? नाम क्या डालूँ?"

"नाम कुछ नहीं. सिर्फ पहाड. इतना बडा, कि पत्रा ढक जाए."

गच्चीच्या पूर्वेला लोखंडी सांगाडा उभा करून मितेशनं आणि त्यानं तो फ्लेक्स ताणून बांधला. गल्लीतली माणसं माना वर करून विचारायला लागली, कुठला पुढारी येतोय म्हणून. केसरीनाथनं कुणालाच सांगितलं नाही. खाली येऊन तो ओटीवर बसला, आणि पुतळाबाईला म्हणाला, "आज कपडे तूच काढ."

ती गेली. केसरीनाथ उठून जिन्याच्या तोंडाशी गेला. सूनही हातातलं काम टाकून जिन्याशी येऊन उभी राहिली.

मग वरून खणखणीत आवाज आला. "अवो! यी दोरी दुसरीकडं बांधा. कपड्यांनी माजा कडा झाकतोय!"

"आलो, पुतळे!" केसरीनाथ ओरडला, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढायला लागला.